एकदाचं होऊन जाऊ दे, असं म्हणण्याआधी

अगं, जानेवारी २०२२ मध्ये तू मला फोनवर हळूच विचारलं होतंस, "ताई, शेजारच्या घरात सगळे पॉझिटिव्ह आलेत. हा ओमायक्रॉन सौम्य आहे म्हणतात. मुद्दाम त्यांच्यात जाऊन बसले आणि एकदाचं होऊन गेलं, तर काय बिघडलं?" मी "नको" म्हटलं आणि तूही ऐकलंस. पण नुसत्या "नको"नं मनातला प्रश्न जात नाही, हे मला ठाऊक आहे. साथ पुन्हा कधी ना कधी येणार, आणि आली की हाच विचार सगळ्यांत आधी डोकं वर काढणार. तेव्हा घाबरलेल्या मनानं हिशेब नीट होत नाही. म्हणून आज सगळं शांत असताना तुझ्यासमोर तो मांडून ठेवते.

आधी एक सांगते. तो विचार मनात आला म्हणून तू वेडी ठरत नाहीस. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, त्या काळात घरोघरी हेच चाललं होतं. कुणाला लग्नाची तारीख धरायची होती, कुणाच्या मुलाची बोर्डाची परीक्षा होती. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या जोडप्याला हंगामाच्या मध्यावर चौदा दिवस घरी बसणं परवडत नव्हतं. त्यांना वाटायचं, कोयता हातात घेण्याआधीच होऊन गेलेलं बरं. शिवाय वाट पाहण्याचा त्रास मोठा असतो. आज होईल की उद्या, ही टांगती तलवार सोसण्यापेक्षा घाव आत्ताच बसू दे, असं माणसाला वाटतंच. त्यात आपल्या आया-सासवांनी कानावर घातलेलं असतं की कांजिण्या, गालगुंड लहानपणीच येऊन गेलेले बरे. तुझा विचार त्याच मुळावर उगवला होता.

आणि खरं सांगायचं तर त्या विचाराला इतिहासात आधारही आहे. देवीच्या रोगाचं घे. नैसर्गिकरीत्या देवी आल्या तर शंभरातली वीस ते तीस माणसं दगावत. जी वाचत त्यांचे चेहरे वणांनी भरत, काहींचे डोळे जात. त्या काळी बंगालात टीका लावणारे लोक गावोगाव फिरायचे. देवीच्या फोडातला पू ते हाताच्या कातडीत टोचायचे. हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १७६७ मध्ये त्यांची पद्धत लिहून ठेवली आहे. साथीच्या हंगामाआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये टोचायचं, ताजा पू न वापरता वर्षभर जुना वापरायचा, टोचण्याआधी महिनाभर मासे, दूध, तूप बंद ठेवायचं. अशी मुद्दाम दिलेली देवी बहुधा हलकी यायची, आणि तिनं शंभरात एक-दोन माणसंच जायची. वीस-तीसच्या जागी एक-दोन! त्या काळातल्या आईनं आपल्या लेकराला हे टोचून घेतलं असेल, तर तिनं शहाणपणच केलं.

पण तिच्या शहाणपणामागे काय होतं ते बघ. रोग इतका मारक होता की त्याच्या जवळ जाण्यापेक्षा लांब राहण्यातच जास्त धोका होता. तो जवळजवळ प्रत्येकाला गाठणार हे ठरलेलं होतं. एकदा झाला की सहसा जन्मभर परत होत नव्हता. मात्रा आणि जागा ठरलेली होती, टोचणारा अनुभवी होता. आणि उद्या यापेक्षा बरं काही येईल अशी आशा कुणाला नव्हती. एवढं सगळं असूनही टोचलेल्या माणसापासून दुसऱ्याला खरी देवी लागायची, म्हणून त्याला वेगळं ठेवावं लागे. पुढे जेन्नरनं गायीच्या देवीपासून लस शोधली. १४ जून १८०२ ला मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि भारतातलं लसीकरण तिथून सुरू झालं. बरा उपाय मिळाला तशी जुनी रीत मागे पडली, काही ठिकाणी कायद्यानं बंदही झाली. आपल्या आजीच्या दंडावरचे ते गोल वण लसीचे होते, आणि त्याच लसीनं १९८० पर्यंत देवीचा रोग जगातून संपवला.

तुझ्या बाजूचा आणखी एक भक्कम मुद्दा आहे, तोही लपवत नाही. १९१८ ची फ्लूची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबईच्या बंदरात उतरली तेव्हा बरीच सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली, आणि तिनं देशात कोटीहून जास्त माणसं नेली. मुंबई इलाख्यातच मृत्यूंचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. आता गंमत अशी की जगातल्या काही ठिकाणच्या नोंदींत दिसतं की पहिल्या, हलक्या लाटेत आजारी पडलेले लोक दुसऱ्या लाटेत तुलनेनं तगले. म्हणजे १९१८ च्या जूनमध्ये कुणी मुद्दाम आजार घेतला असता, तर कदाचित वाचला असता.

पण जूनमध्ये हे कळणार कुणाला होतं? पुढची लाट हलकी येणार की भारी, हे पहिल्या लाटेच्या वेळी कुठल्याही डॉक्टरला सांगता आलं नसतं. शिवाय तेव्हा थांबून हाती काही लागणारही नव्हतं. फ्लूची लस नव्हती, जंतू कुठला तेही माहीत नव्हतं, घरी ऑक्सिजन मोजायचं साधन नव्हतं. थांबणाऱ्याला कुणी काही देणार नव्हतं. २०२० मध्ये नेमकं उलटं झालं. थांबणाऱ्याला महिन्यागणिक काहीतरी मिळत गेलं.

आपल्याच जिल्ह्यावरून बघ. मार्च २०२० मध्ये नगरला पहिला रुग्ण सापडला, एप्रिलमध्ये जामखेड सील झालं. त्या वेळी खाटा रिकाम्या होत्या, हे खरं. "आत्ताच होऊन गेलं तर निदान खाट मिळेल," असं तेव्हा लोक म्हणत. पण त्या खाटेवर नेमके काय उपचार करायचे, हे डॉक्टरही शिकतच होते. जूनच्या मध्यावर ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन नावाच्या स्वस्त, जुन्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एक तृतीयांश मृत्यू टळतात, ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक पंचमांश. म्हणजे एप्रिलमध्ये अत्यवस्थ झालेल्या माणसाला जे मिळालं नाही, ते जुलैमध्ये आजारी पडलेल्याला मिळालं. फक्त तीन महिने उशिरा आजारी पडल्यामुळे! १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना, २ जुलैपासून गरोदर बायकांना. ज्या घरानं म्हाताऱ्यांना तोवर जपलं, त्यांच्या हातात ढाल आली.

मधे एप्रिल २०२१ आलाच. उपचार माहीत होते, पण खाटा नव्हत्या आणि ऑक्सिजनसाठी धावाधाव होती. पारनेर तालुक्यात भाळवणीला अकराशे खाटांचं केंद्र उभं करावं लागलं, यावरूनच काय वेळ आली होती ते समज. तू म्हणशील, मग त्याआधी झालेलं बरंच नव्हतं का? अगं, फेब्रुवारी २०२१ मध्ये "संपला कोरोना" म्हणत लग्नांचे मांडव पडत होते. एप्रिलमध्ये काय होणार हे तेव्हा कुणाला दिसलं होतं? आपल्या सोयीची वेळ साधून आजार घ्यायचा, तर पुढची लाट कधी येणार, कोणत्या रूपात येणार, दवाखान्यात त्या दिवशी जागा असेल का, हे सगळं आधी कळलं पाहिजे. ते कुणालाच कळत नाही. आणि गावातल्या सगळ्यांनी एकच "सोयीची वेळ" साधली, तर त्या आठवड्यात सगळ्या खाटा भरल्याच म्हणून समज.

आता तुझ्या घराचा हिशेब करू. हा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून नीट ऐक. लस येण्याआधीच्या काळात श्रीमंत देशांतल्या आकडेवारीवरून संशोधकांनी वयाप्रमाणे धोका काढला होता. लागण झालेल्या दहा हजार माणसांत, वय पंचवीस असेल तर साधारण एक जण दगावतो. वय पंचावन्न असेल तर चाळीस, पासष्ट असेल तर एकशेचाळीस आणि पंच्याहत्तर असेल तर चारशे साठ. तुझ्यासारखी पंचविशीतली मुलगी म्हणते, "दहा हजारांत एक! एवढा धोका मी घेते." बरोबर आहे, तिचा धोका तेवढाच. पण तिच्या घरात पंच्याहत्तरीचे सासरे आहेत आणि पासष्टीच्या सासूबाई. समज, तिच्याकडून त्यांना लागण होण्याची शक्यता तिनात एक आहे. तर सासऱ्यांच्या वाट्याला दहा हजारांत दीडशेच्या वर धोका येतो, आणि सासूबाईंच्या वाट्याला सत्तेचाळीसच्या आसपास. तिनं उचललेल्या धोक्यातला एक भाग तिचा, आणि दोनशे भाग त्या दोघांचे. त्यांना कुणी विचारलं का? त्यांनी होकार दिला का?

"मी वेगळ्या खोलीत राहीन," असं तू म्हणाली होतीस. आपल्या वस्त्यांवरची घरं मला माहीत आहेत. दोन खोल्या, एक न्हाणी, एकच संडास, चूल एक, पाण्याचा माठ एक. आणि खोली वेगळी असली तरी कोरोना लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच पसरायला लागतो. घसा दुखायला लागेपर्यंत तू सासऱ्यांना दोनदा चहा देऊन आलेली असतेस. मे २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात आठ हजारांहून जास्त अठरा वर्षांखालच्या मुलांना लागण झाल्याचं समोर आलं होतं. ती मुलं बहुतेक घरातच आजारी पडली, कारण शाळा तर बंद होत्या. दुसरी लाट ओसरून राज्य मोकळं होत असतानाही ऑक्टोबर २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना आपल्याकडची एकसष्ट गावं दहा दिवस बंद ठेवावी लागली. आजार एका अंगावर घेऊन तिथंच संपवायचा म्हटलं, तरी तो तिथं थांबत नाही.

पुढचा प्रश्न मात्रेचा. टीका लावणारा थोडासा, जुना पू कातडीत टोचायचा. पॉझिटिव्ह माणसाशेजारी जाऊन बसलीस तर श्वासातून किती विषाणू आत गेले, हे कोण मोजणार? माणसाला मुद्दाम लागण करून अभ्यास करायचा म्हटलं तर किती काळजी घ्यावी लागते, ते लंडनमध्ये २०२१ साली झालेल्या प्रयोगात दिसलं. छत्तीस स्वयंसेवक निवडले. सगळे अठरा ते तीस वयोगटातले, धडधाकट, आधी कोरोना न झालेले आणि लस न घेतलेले. प्रयोगशाळेत तयार केलेला विषाणू अगदी ठरलेल्या अल्प मात्रेत नाकात थेंबानं सोडला. प्रत्येकाला दवाखान्यात वेगळ्या खोलीत किमान चौदा दिवस ठेवलं, डॉक्टर रात्रंदिवस लक्ष ठेवून होते. त्यातल्या साधारण निम्म्यांना लागण झाली. कुणी अत्यवस्थ झालं नाही, हे खरं. पण बऱ्याच जणांचा वास गेला आणि काहींना तो परत यायला कित्येक महिने लागले. इतक्या बंदोबस्तात केलेल्या प्रयोगातही असं झालं. तुझ्याकडे ना ती खोली, ना तो डॉक्टर, ना मोजलेला थेंब.

आणि बाई, मेलं की वाचलं एवढ्यावर हिशेब संपत नाही. आपण बायका हे जास्त चांगलं जाणतो. वास गेलेली बाई फोडणी जळली तरी ओळखू शकत नाही, गॅस गळला तरी तिला कळत नाही. दोन मजले चढताना धाप लागते, डोकं चालत नाही, महिनोन्महिने अंगात त्राण नसतं. या दीर्घ कोविडची जागतिक आरोग्य संघटनेला वेगळी व्याख्या करावी लागली. साखर असलेल्या कित्येकांना २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं गाठलं, स्टिरॉइडचा नको तेवढा वापर त्याला कारण झाला, आणि काहींचे डोळे, जबडे काढावे लागले. गरोदर बाईला हा आजार इतरांपेक्षा जड जातो. आपल्याला साखर आहे हे आपल्याकडच्या किती बायकांना माहीत असतं? पोटात दिवस राहिलेत हे पहिल्या आठवड्यात कुणाला कळतं? म्हणजे "मी तर ठणठणीत आहे" ही खात्री मुळातच कच्ची असते.

ओमायक्रॉनच्या वेळीही नीती आयोगाचे डॉ. व्ही. के. पॉल यांनी हा साधा सर्दी-पडसं नाही, त्याला हलक्यात घेऊ नका, असं जाहीरपणे बजावलं होतं. त्याच जानेवारीत तिकडे चेक प्रजासत्ताकात हाना होर्का या सत्तावन्न वर्षांच्या लोकगायिकेनं तुझ्यासारखाच विचार केला. तिनं लस घेतली नव्हती. नवरा आणि मुलगा पॉझिटिव्ह आले, तेव्हा ती मुद्दाम त्यांच्याबरोबर राहिली. आजार होऊन गेल्याची नोंद झाली की नाटकाला, कार्यक्रमांना जायला परवानगी मिळेल, हा तिचा हिशेब. मुलानंच पुढे हे सांगितलं. लागण झाली, आता बरं वाटतंय असंही ती म्हणाली, आणि मग ती गेली.

दवाखान्याचंही विसरू नकोस. "झालंच काही जास्त, तर ॲडमिट होऊ," हे आपण किती सहज म्हणतो. ६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. त्यांचा आजार कदाचित बरा झाला असता. त्यांनी आजार मुद्दाम घेतला होता, असं मी म्हणत नाही. पण दवाखान्यापर्यंत जाण्याची वेळ आली की आणखी किती गोष्टींवर आपला जीव टांगला जातो, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. आजाराचा धोका मोजताना तोही धरावा लागतो.

बरं, एवढं करून मिळतं काय? "एकदाचं" होऊन जातं का? आयसीएमआरनं देशभर रक्ताच्या चाचण्या करून किती लोकांना लागण होऊन गेली ते तपासलं. त्यासाठी निवडलेल्या महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत आपला नगर होता. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ च्या फेरीत देशातल्या प्रौढांपैकी पाचातल्या एकाला लागण होऊन गेलेली दिसली. जून-जुलै २०२१ च्या फेरीत सहा वर्षांवरच्या तिघांमधल्या दोघांत प्रतिपिंडं सापडली, त्यातली थोडी लसीची. एवढ्या लोकांना होऊनही सहाच महिन्यांत ओमायक्रॉन आला आणि डेल्टा होऊन गेलेल्यांना पुन्हा गाठू लागला. आधीच्या लागणीनं पुढचा आजार हलका व्हायला मदत होते, ते मी नाकारत नाही. पण देवीसारखा जन्माचा पट्टा या आजारात मिळत नाही. जी सुटका तू विकत घ्यायला निघाली होतीस, ती काही महिन्यांची होती, आणि किंमत सासऱ्यांच्या जिवाची होती.

आता तुझा आजचा प्रश्न. जावेच्या मुलाला कांजिण्या आल्या आहेत आणि घरात म्हणतात, तुझ्या पोराला आणि त्याला एकत्र झोपवा, म्हणजे एकदमच आटपेल. लहान मुलांत कांजिण्या बहुधा हलक्या जातात, हे खरं. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. घरात कुणी गरोदर असेल, कुणी मोठा माणूस असा असेल ज्याला त्या आल्या नाहीत, कुणाची कॅन्सरची औषधं चालू असतील, तर त्यांच्यासाठी हा खेळ जिवावर बेतू शकतो. बाळंतपणाच्या आसपास आईला कांजिण्या आल्या तर नवजात बाळाचा जीव धोक्यात येतो. आणि एकदा आलेला तो विषाणू अंगातून जात नाही. तो मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर पडू शकतो. नागिणीची आग सोसलेलं माणूस तू पाहिलं आहेस. कांजिण्यांची लस आहे. सरकारी मोफत वेळापत्रकात ती नसते, पण बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. आधी त्यांना विचार. पोराला जावेच्या मुलाशेजारी झोपवू नकोस. रुबेलाचंही तसंच. मुलीला लहानपणी होऊन गेला तर गरोदरपणी धोका नाही, असं पूर्वी म्हणत. पण तोच रुबेला त्या मुलीकडून गरोदर काकूला गेला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, शाळाशाळांत नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना लस दिली गेली, ती यासाठीच.

तू मला एकदा असंही विचारलं होतंस, की मग नर्स, आशाताई स्वतःला धोक्यात घालतात ते काय? यावर मी खूप विचार केला आहे. सावित्रीबाईंचं उदाहरण घे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्यांचा मुलगा डॉ. यशवंत दवाखाना चालवत होता, आणि मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथं आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांनी जोखीम घेतली ती दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी. त्या जोखमीचा भार त्यांनी स्वतःवर घेतला आणि लाभ दुसऱ्याला दिला. मुद्दाम लागण करून घेणारा माणूस लाभ आपल्याकडे ठेवतो आणि भार घरच्यांवर, शेजाऱ्यांवर टाकतो. दोन्हीकडे धाडस दिसतं, पण त्यांच्या किमती वेगळ्या आहेत. आशाताई मास्क, हातमोजे घालून, लस घेऊन कामाला जाते. तिला आजार हवा असतो म्हणून ती जात नाही.

आजार लांबवणं शक्य नसतं, असं कुणी म्हणालं तर त्याला हिवरे बाजार दाखव. आपल्याच नगर तालुक्यातलं गाव. दुसऱ्या लाटेत तिथंही रुग्ण निघाले. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं घरोघर तपासणी केली, लक्षणं असलेल्यांना लगेच वेगळं ठेवलं, स्वयंसेवकांची पथकं नेमली, आणि मे २०२१ मध्ये राज्य रुग्णांनी भरलेलं असताना गाव कोरोनामुक्त झालं. त्याचं नाव घेऊन मुख्यमंत्र्यांनी राज्यातल्या गावांना कोरोनामुक्तीचं आवाहन केलं. तिथं कुणाकडे मोठं हॉस्पिटल नव्हतं. होती ती शिस्त, आणि आजारी माणसाच्या घराला गावानं दिलेला आधार. लक्षात घे, माणूस एकटा असला की त्याला "होऊन जाऊ दे" असं वाटतं. दूध डेअरीला कोण घालेल, गुरांना वैरण कोण टाकेल, मजुरी कशी भरून निघेल, या काळज्या वाटून घेणारं कुणी असलं, तर थांबणं सोपं होतं. ऊसतोडीच्या बाईला नुसतं "थांब" म्हणून चालणार नाही. तिच्या बुडालेल्या दिवसांचं काय, हे मुकादमानं, कारखान्यानं आणि सरकारनं आधी सांगितलं पाहिजे.

पुढची साथ आली आणि मनात हा विचार आला, तर स्वतःला चार प्रश्न विचार. लस किंवा औषध येण्याची आशा आहे का? माझ्यामुळे घरातल्या कुणाला लागण होऊ शकते, आणि त्यांचं वय, त्यांचे आजार काय? आत्ता दवाखान्यात जागा आहे का, आणि दोन आठवड्यांनी असेल का? आणि झालं एकदा, तर पुन्हा होणार नाही याची खात्री कुणी दिली आहे? या चारांपैकी एकाचंही उत्तर अंधारात असेल, तर थांब. देवीच्या काळातल्या आईला ही उत्तरं माहीत होती, म्हणून तिचा निर्णय बरोबर होता. आपल्याला ती माहीत नसतात.

माझं मत असं, आणि ते मी पूर्ण विचारानं सांगते: नवा आजार जितका टाळता येईल तितका टाळ, टाळता येत नसेल तर जितका लांबवता येईल तितका लांबव, आणि लस आली की पहिल्या दिवशी रांगेत उभी राहा. लस म्हणजेच ती मोजलेली, तपासलेली, घरच्यांना धोका न देणारी लवकरची ओळख, जी बंगालातला टीका लावणारा शोधत होता. आणि कुणी तुझ्याकडे येऊन "एकदाचं होऊन जाऊ दे" म्हणालं, तर तिला हसू नकोस, रागावूही नकोस. तिच्याजवळ बस, तिच्या घरात कोण कोण आहे ते विचार, आणि तिच्याबरोबर हा हिशेब कर.